गरोदरपणात मालिश करून घेणं सुरक्षित असतं का? त्याचा फायदा काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण आहे, कंबर धरते, सासूबाई मालिशवालीला बोलवू म्हणतात आणि मिस्टर म्हणतात, "त्या अडाणी बायकांना काय कळतं?" तुमचा प्रश्न मालिशचा आहे, पण मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळं. माझी आई तीच अडाणी बाई. सोलापुरात तिनं तीसएक वर्षं गरोदर बाया आणि बाळंतिणी चोळल्या. सही करायला तिला माझ्या मुलीनं शिकवलं.

तुमचं उत्तर आधी देऊन टाकते. डॉक्टरांनी बीपी, रक्त, सोनोग्राफी बघून सगळं ठीक म्हटलं असेल तर हलक्या हाताची मालिश करून घ्यायला काही हरकत नाही. कंबर, पाठ, मान, खांदे, हात. पोटाला नाही. कंबरेचा ठणका कमी होतो, झोप लागते, जिवाला बरं वाटतं. फायदा म्हणाल तर हाच, आणि तो काही कमी नाही. मालिशनं डिलिव्हरी नॉर्मल होते, बाळ गोरं होतं, या थापा आहेत. माझ्या आईनं त्या कधी कुणाला मारल्या नाहीत.

आई आधी विड्या वळायची. अशोक चौकाच्या मागं आम्ही भाड्यानं राहायचो, तिथं शेजारी एक तेलुगू म्हातारी होती. ती दुपारपर्यंत विड्या करायची आणि संध्याकाळी बाळंतिणींना तेल लावायला जायची. आई तिच्याबरोबर जाऊन शिकली. म्हातारीचं शिकवणं म्हणजे एकच शब्द, "वद्दु". तेलुगूत वद्दु म्हणजे नको. इथं वद्दु, हिला वद्दु, आज वद्दु. आईला तेलुगू फारसं येत नाही, पण तो शब्द तिच्या तोंडात कायमचा बसला.

२०११ चा मे महिना. धाकट्या जावेला सातवा चालू होता आणि तीन दिवसांवर तिचं ओटीभरण होतं. तिचा डावा पाय सुजला. सासूबाईंची घाई मला कळत होती. पाहुणे येणार, पोरगी हिरवी साडी नेसून पाटावर बसणार, पाय असा कसा चालेल? त्यांनी माझ्या आईला निरोप धाडला आणि लोखंडी पळीत लसूण-ओवा घालून तेल कडवायला ठेवलं. घरभर तो वास. बाहेर ऊन असं, की आई आली तेव्हा तिनं पदर ओला करून डोक्यावर घेतला होता.

जाऊ चादरीवर कुशीला झोपली होती. आईनं तेलाला हात लावला नाही. हाताची उलटी बाजू आधी उजव्या पिंढरीला लावली, मग डाव्या. मग विचारलं, "एकच पाय का दोन्ही? कधीपास्नं?" जाऊ म्हणाली, परवापासून, एकच, आणि पाऊल टेकलं की आत दुखतं. आईच्या पिशवीत विडी बांधायच्या दोऱ्याचं रीळ कायम असायचं, पिशवी शिवायला, गजरा बांधायला, कशालाही. तिनं हातभर दोरा तोडला. गुडघ्याखाली चार बोटं मोजून उजव्या पिंढरीभोवती गुंडाळला आणि जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारली. तोच दोरा डाव्या पिंढरीला लावला. गाठ दोन बोटं लांब राहिली. तिनं पुन्हा एकदा तसंच केलं. मग स्वतःशीच म्हणाली, "वद्दु."

"विहीणबाई, मी हिला हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

सासूबाई म्हणाल्या, "गरोदरपणात पाय सुजतातच की. मला काय चार झाली नाहीत?"

"दोन्ही सुजले असते तर गोष्ट वेगळी. एकच सुजलाय, अन् गरम लागतोय."

यावर सासूबाई जे बोलल्या ते मी विसरले नाही. "लोकांच्या घरी दोन-दोन तास रगडता, अन् लेकीच्या घरी हात जड झाला?" आई काही बोलली नाही. सासूबाईंनी पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या बाईला बोलवायला पोरगं पाठवलं. तेव्हा आई उठली आणि दारात जाऊन बसली. उंबऱ्यावरच. ती दुसरी बाई आली, आईनं तिला काय सांगितलं देव जाणे, ती आल्या पावली परत गेली. दीर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, पाळी संपवून चार वाजता आले. तोवर तीन तास आई तिथून हलली नाही. मी चहा दिला, तोही घेतला नाही.

दिरांनी रिक्षा आणली. पायाची सोनोग्राफी झाली, डॉपलर म्हणतात ती. मांडीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी नीट समजावलं, त्याबद्दल मी त्यांचे आभारच मानते. बाळंतपणात रक्तस्राव होणार म्हणून शरीर आधीपासूनच रक्त लवकर गोठेल अशी तयारी करत असतं. त्यात वाढलेली गर्भाची पिशवी ओटीपोटातल्या शिरा दाबते आणि पायातलं रक्त वर चढायला वेळ लागतो. म्हणून इतर बायकांपेक्षा गरोदर बाईला गुठळीचा धोका कितीतरी पट जास्त, आणि ती बहुतेक वेळा डाव्याच पायात होते, कारण त्या बाजूची शीर आधीच एका धमनीखाली दबलेली असते. असा पाय रगडला आणि गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीव जाऊ शकतो. जावेला पोटाच्या कातडीत रोज दोन वेळा इंजेक्शनं सुरू झाली. ते औषध वारेतून, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, बाळापर्यंत जात नाही. बाळंतपणापर्यंत आणि पुढं सहा आठवडे ती घ्यावी लागली. श्रावणात मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पण निघताना डॉक्टर काय म्हणाले? "त्या मालिशवाल्या बायांना घरात घेऊ नका, एक दिवस मारतील हिला." आई तिथंच उभी होती, काखेत तेलाची पिशवी घेऊन. दीर गप्प. सासूबाई गप्प. मीही गप्प, आणि ते मला आजही टोचतं. दिरांच्या तोंडी आजपर्यंत हीच गोष्ट आहे, "डॉक्टरांनी वेळेवर पकडलं, नाहीतर घरच्यांनी मालिश करून घात केला असता." भावजी, डॉक्टरांनी पकडलं ते डॉपलरवर. डॉपलरपर्यंत पाय पोचवला तो विडीच्या दोऱ्यानं. तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहिते.

तर ताई, बाई कशी निवडायची ते सांगते. आल्या आल्या जी तेलाची बाटली उघडते, तिला परत पाठवा. आई आधी विचारायची, अंगावर काही जातंय का? पाणी जातंय का? डोकं दुखतं का, डोळ्यापुढं अंधारी येते का? तोंड, हात सुजलेत का? बाळ फिरतंय का? यातल्या एकालाही उत्तर वाकडं आलं की वद्दु. डोकेदुखी, अंधारी आणि तोंडावरची सूज ही वाढलेल्या बीपीची खूण असू शकते आणि ती पाचव्या महिन्यानंतरच जास्त दिसते. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर मालिशचं नाव काढायचं नाही, सरळ दवाखाना. वार खाली असेल, जुळं असेल, आधी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचाही हात लावून घेऊ नका. पिंढऱ्या आणि मांड्यांच्या आतली बाजू तर निरोगी बाईचीही जोर लावून रगडायची नाही. रात्री पोटरीत गोळा आला तर टाच ताणून पावलाची बोटं स्वतःकडं ओढा, गोळा उतरतो.

झोपायचं कुशीवर, डाव्या असेल तर उत्तम, गुडघ्यांच्या मध्ये उशी. आता पाचव्यापासून बराच वेळ उताणं पडून मालिश नको. पिशवीचं वजन पाठीच्या कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर येतं, चक्कर येते, घाम सुटतो. पालथं तर मुळीच नाही.

तेलाचं विचारलंत. खोबरेल, तीळ, करडई, जे तुमच्या कातडीला मानवतं ते. आपल्याकडं करडई चांगली मिळते, आई तीच वापरायची. गंधपुऱ्याचं तेल मात्र नको, त्यात ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन असतं आणि ते कातडीतून आत जातं. कापराचं तेलही नको. आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल प्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पहिल्या तीन महिन्यांत आई कुणालाच हात लावायची नाही. मालिशनं गर्भ पडतो याला पुरावा नाही. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष सापडतो, त्याला कुणीच काही करू शकत नाही. पण पडला की बोट मालिशवालीकडं वळतं, नाहीतर त्या पोरीकडंच, गाडीवर बसलीस, माळ्यावरचं काढलंस. घोट्याच्या आत दाबलं की कळा सुरू होतात म्हणतात, त्यालाही पक्का पुरावा नाही. चुकून दाबलं गेलं असेल तर घाबरू नका.

एक मालिश मात्र खरंच उपयोगी आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही. साधारण ३४ व्या आठवड्यानंतर योनीच्या खालच्या भागाची, स्वच्छ हातानं, स्वतःच, आठवड्यातून एकदोनदा करायची. पहिल्या बाळंतपणात टाके घालावे लागण्याचं प्रमाण त्यानं थोडं कमी होतं. कशी करायची ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना किंवा नर्सला विचारा, लाजू नका.

आता हेही सांगायला हवं, की सगळ्या बायका माझ्या आईसारख्या नसतात. आमच्याच गल्लीतली एक बाई आडवं मूल पोट चोळून सरळ करून देते म्हणायची. डॉक्टरसुद्धा बाळ बाहेरून फिरवतात, पण साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर, दवाखान्यात, सोनोग्राफी लावून, ऑपरेशनची तयारी ठेवून. घरात चटईवर हे केलं आणि वार सुटली तर बाळही जाऊ शकतं, आईही. तशा बाईला तुमचे मिस्टर अडाणी म्हणाले तर मी त्यांच्या बाजूनं. आणि दोऱ्यानं मोजणं ही काही तपासणी नव्हे. सूज न येताही गुठळी असू शकते. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर दोरा शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथं बीपी बघून घ्या, कंबरेचंही सांगा, कारण दुखणं लाटेसारखं येत-जात असेल तर त्या कळा असू शकतात, ती मालिशची कंबर नव्हे. ठीक म्हणाले तर येत्या रविवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, बाईला बोलवा. त्या दिवशी मिस्टरांना घरी थांबायला सांगा. शेजारी खुर्ची टाकून बसू दे त्यांना. तेल लावायच्या आधी ती काय-काय विचारते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं.