जिनवाला थांबला कशासाठी?

प्रश्न : २०२५ च्या दिवाळीत कापूस घरात आला, तरी हिंगणघाटकडचे जिनवाले म्हणत, "थांबा, सरकारचं पाहू." हा भाव पाडायचा बहाणाच ना? — एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, निव्वळ बहाणा नव्हे. मी जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मुनीम होतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३४ किलो, बाकी सरकी. रुई घेते सूतगिरणी, अन् केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये रुईवरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपल्या वेचणीचा हंगाम! २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. बाहेरची रुई स्वस्त पडत असताना एवढा भाव देऊन स्वतःचं भांडवल कोण अडकवील? त्यापेक्षा सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळाच्या) गाठी बांधून मजुरी घेणं त्याला परवडतं. १९७२ पासून राज्य सरकार एकटंच कापूस घ्यायचं, त्या एकाधिकार खरेदीतही असंच होतं. गाठी सरकारच्या, जिनवाल्याला फक्त मजुरी. मग नवी यंत्रं तो कशाला घेईल?

मला चीड येते ती निर्णयाच्या वेळेची. पेरणीआधी कळलं असतं, तर तुम्ही तुरीच्या ओळी वाढवल्या असत्या.

आता कापूस वाळवूनच न्या. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की सीसीआय भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही.