झीज वेगळी, इजा वेगळी

नाण्यांचं ग्रेडिंग, म्हणजे त्यांची अवस्था ठरवणं, शिकताना आधी हा फरक पक्का करा. झीज हाताळण्यातून येते आणि उंच भागांवर पहिल्यांदा दिसते: नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल, भुवईवरचे केस. ओरखडा, ठोका, घासल्याची खूण ही इजा. ती कुठेही असते.

नाणं कडेने धरा, एकाच दिव्याखाली हळूहळू तिरकं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चमकेचा पट्टा अखंड फिरतो. तो गालावर तुटला तर झीज समजा. नाण्याच्या नक्षी नसलेल्या मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेघा एकाच दिशेने दिसल्या, तर कुणीतरी नाणं पुसलंय. ५ पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. नक्षी कितीही ठसठशीत असो, जोरात घासलेल्या नाण्याला ग्रेडिंग कंपन्या सहसा शेल्डन श्रेणीतला १ ते ७० मधला आकडा न देता 'डिटेल्स' (म्हणजे नक्षी दिसते, पण नाणं बिघडवलेलं) लिहितात. टांकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणांचं तसं नाही. त्यांच्यावरून न वापरलेल्या नाण्याचा ६० च्या पुढचा आकडा ठरतो, आणि गालावरची एक खूण केसांत लपलेल्या चार खुणांपेक्षा जास्त भोवते.

आणि कृपा करून नाणं चमकवू नका! हिरवट चिकट थर बहुधा पीव्हीसी पाकिटाचा असतो. नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून तो काढा, अजिबात न घासता. खिडकी उघडी ठेवा, आग लांब.