जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देत असेल तर

भाऊ, हीटर कोर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातून आतली हवा गरम होते) बदलायच्या आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, म्हणून गाडी तापू नये या भीतीने कितीतरी मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग डिसेंबरच्या पहाटे पेंचच्या जंगलाकडे निघालं की इंजिन नीट तापतच नाही, आणि हीटरला उष्णता तर इंजिनच्या पाण्यातूनच मिळते. हायवेवर टेम्परेचरचा काटा खाली येत असेल तर आधी इथेच संशय घ्या. नवा थर्मोस्टॅट बसवा, साधारण ८२ ते ८८ अंशांचा असतो, आणि उन्हाळ्यातही राहू द्या. तेव्हा गाडी तापली तर दोष रेडिएटर, फॅन किंवा वॉटर पंपात शोधायचा. थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाहीच.

काटा मधोमध असूनही हवा कोमटच? गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि इंजिनकडून डॅशबोर्डमागे हीटरकडे जाणारे दोन्ही होज (रबरी पाइप) जपून चाचपा. एक कढत, दुसरा थंड म्हणजे कोर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं की आत क्षार साचतात. इंजिन थंड झाल्यावर होज सोडवून उलट्या दिशेने पाणी सोडा, पण हलक्या दाबाने. जुना कोर जोर सहन करत नाही.

दोन्ही होज गरम असतील तर हीटरच्या बटणाची केबल आणि गरम-थंड हवा वळवणारी आतली झडप बघा.

कूलंट भरताना हीटर फुल गरमवर ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं.