विहीर खासगी, पाणी आठ घरांचं

प्रश्न : वाडीतल्या एका खासगी विहिरीवरून पंपाने आठ घरांना पाणी जातं. जलसुरक्षक (पाण्याची देखरेख करणारा गावचा माणूस) ग्रामपंचायतीच्या विहिरीत जंतुनाशक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, आमच्याकडे फिरकत नाही. आमचं पाणी तपासायचं कोणी? (गुहागर)

उत्तर : तुम्हीच, आणि यात टाळाटाळ नको. पावसाळ्याआधी व नंतर होणारं स्वच्छता सर्वेक्षण, त्यावरून ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड हे सार्वजनिक स्रोतांसाठी आहे. तुमची विहीर त्यात येत नाही, पण पाणी बिघडलं तर आठही घरांत जुलाब सुरू होतील. कोकणातला जांभा सच्छिद्र. जोराच्या पावसात शोषखड्ड्यातली घाण भेगांतून विहिरीत सहज उतरते. संडासाची टाकी विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवी असं सांगतात. जांभ्यात मी तेवढ्यावर विसंबणार नाही, टाकी चढावर असेल तर मुळीच नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. ती विसळू नका, आतलं रसायन निघून जातं. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये. अहवाल आठही घरांना दाखवा. पंपाचं बिल वाटून भरता, तसा तपासणीचा खर्चही वाटून घ्या.

प्रश्न : पावडर अंदाजाने टाकतो. चालेल? (अलिबाग)

उत्तर : नाही. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल, तर साधारण १४,००० लिटर पाणी होतं. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम लागेल. आषाढात विहिरीतल्या पाण्याची उंची ६ मीटर झाली की १०५ ग्रॅमच्या वर. मेमधल्या मापाने तेव्हा भागत नाही. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळा. तासाभराने ओटीच्या (पाण्यात क्लोरीन उरला का हे दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाच्या) थेंबांनी पिवळी छटा यायला हवी. न आल्यास मात्रा पुन्हा द्या. उघड्या पुड्यातली जुनी पावडर निकामी होते, हेही बघा.

प्रश्न : एप्रिलपासून बोअरचं पाणी मचूळ लागतं. उकळून प्यावं का? (देवगड)

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटून थोडं वाढतंच. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. उपसा वाढला की खारं वर चढतं. त्यामुळे बोअर आणखी खोल मारू नका, ही चूक पुष्कळ जण करतात. पंप थोडा थोडा, मध्ये खंड देऊन चालवा. क्लोराइड तपासून घ्या : लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १,००० ही शेवटची मर्यादा. त्यापलीकडे गेलं तर ते पाणी भांडी-धुण्याला वापरा आणि पिण्यासाठी दुसरी सोय करा.

प्रश्न : हंड्यात पाणी लालसर होतं. (सावंतवाडी)

उत्तर : बहुधा लोह. लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा. पाणी वरून धारेने टाकीत पाडा आणि वाळूच्या गाळणीतून घ्या. पावडर त्यानंतरच, कारण लोहच क्लोरीन खाऊन टाकतं.