वीस शेअरचा एक होणार, म्हणून आणखी घ्यावेत का?

नौपाड्यातल्या एका वाचकांचा प्रश्न: "२०२१ मध्ये अ‍ॅपवरून अमेरिकेतल्या एका कपड्यांच्या दुकानांच्या साखळीचे १,२५० शेअर ४ डॉलरने घेतले. आज भाव ८० सेंट आहे. कंपनी आता रिव्हर्स स्प्लिट करून वीस शेअरचा एक करणार आहे, म्हणजे भाव १६ डॉलर होईल. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे आणि भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी २ लाख बाजूला ठेवलेत. ते आत्ता यात घालून खरेदीची सरासरी किंमत खाली आणू का? भाव वाढला की काढून घेईन."

नमस्कार. त्या दोन लाखांना हात लावू नका. आणि आहेत ते शेअरही विकून मोकळे व्हा, असंच मी सांगेन.

दहाच्या वीस नोटा देऊन दोनशेची एक घेतली, तर खिशात भर पडत नाही. आज तुमच्याकडे १,००० डॉलरचे शेअर आहेत, स्प्लिटनंतरही तेवढ्याचेच राहतील. मोजायला गेलात तर साडेबासष्ट शेअर होतात. त्या अर्ध्या शेअरचे ८ डॉलर बहुधा रोख मिळतील. तुमची खरेदीची किंमतही ४ वरून ८० डॉलर होईल. त्यामुळे १६ डॉलर दिसले तरी तोटा होता तिथेच असेल. आत्ता घेतलेल्या नव्या शेअरचंही तेच होईल. ८० सेंटला घेऊन १६ ला विकण्याची संधी यात कुठेच नाही.

मग कंपनी हे करते कशाला? न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर सलग ३० दिवसांचा सरासरी बंद भाव १ डॉलरखाली गेला की नोटीस येते आणि भाव वर आणायला साधारण सहा महिने मिळतात. आपल्याकडे एक रुपयाखालचे शेअरही वर्षानुवर्षं चालतात, म्हणून हा प्रकार तुम्हाला नवा वाटला असेल. थोडक्यात, एक्स्चेंजच्या यादीतून नाव निघू नये म्हणून ही धडपड आहे.

मला खरी काळजी पुढच्या पायरीची वाटते. समजा कंपनीला ४० कोटी शेअर काढायची परवानगी आहे आणि १० कोटी बाजारात आहेत. स्प्लिटनंतर बाजारातले ५० लाख होतात, पण परवानगीचा आकडा पुष्कळदा तसाच ठेवतात किंवा थोडाच कमी करतात. म्हणजे नवे शेअर विकून पैसा उभा करायला कंपनीला रान मोकळं. तसं झालं तर तुमचे बासष्ट शेअर बासष्टच राहतील, पण कंपनीतला तुमचा वाटा झिजत जाईल. भागधारकांच्या मतदानासाठी आलेल्या कागदात हा आकडा असतो, तो जरूर पाहा.

त्यात हा दुकानदारीचा धंदा. जांभळी नाक्यावर घाऊक व्यापाऱ्याने एखाद्या दुकानदाराची उधारी बंद केली, की त्याच्या फळ्या रिकाम्या व्हायला वेळ लागत नाही. मोठ्या साखळ्यांचंही असंच होतं. पुरवठादार आधी रोख मागतात, दुकानांची भाडी थांबत नाहीत आणि न विकलेला हंगामी माल सवलतीत काढावा लागतो. घरसजावटीच्या वस्तू विकणाऱ्या पिअर वन इम्पोर्ट्सने जून २०१९ मध्ये रिव्हर्स स्प्लिट केलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एक्स्प्रेस या कपड्यांच्या साखळीने ऑगस्ट २०२३ मध्ये केलं, एप्रिल २०२४ मध्ये अर्ज. औषधांची दुकानं चालवणाऱ्या राइट एडने एप्रिल २०१९ मध्ये केलं, तिचा अर्ज ऑक्टोबर २०२३ चा. तिन्ही ठिकाणी प्रमाण तुमच्यासारखंच, विसाला एक. अशा वेळी बँका आणि पुरवठादारांची देणी आधी भागतात. भागधारकाची पाळी शेवटी येते आणि तोवर सहसा काही उरलेलं नसतं.

यातून सावरलेल्या कंपन्याही आहेत. प्राइसलाइनने २००३ मध्ये सहाचा एक केला आणि पुढे ती फार मोठी झाली, कारण तिचा ऑनलाइन बुकिंगचा धंदाच वाढत होता. तुमच्या कंपनीची जुन्या दुकानांतली विक्री वाढतेय का आणि मोठं कर्ज कधी फेडायचं आहे, हे तिच्या तिमाही निकालात पाहा. विक्री घटत असेल आणि कर्ज वर्ष-दीड वर्षात येत असेल, तर थांबण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

विकायचे तर स्प्लिटच्या आधीच विका, म्हणजे अर्ध्या शेअरचा हिशेब नको. २४ महिने उलटून गेलेत, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली तोटा धरला जाईल. याच वर्षी इक्विटी म्युच्युअल फंडाच्या जुन्या युनिट्सवर दीर्घकालीन नफा काढला असेल, तर त्यातून तो वजा होतो. नाहीतर ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. डॉलर २०२१ पेक्षा बराच महाग झालाय, म्हणून रुपयांतला तोटा ८० टक्क्यांपेक्षा कमी भरेल. आजवर आयटीआर १ भरत आला असाल तर तो फॉर्म तुम्हाला चालत नाही. परदेशी शेअर आहेत म्हटल्यावर आयटीआर २ आणि त्यातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं. मागची वर्षं राहिली असतील तर सीएंना आधी भेटा, हे शेअर विकण्याइतकंच तातडीचं आहे.

दोन लाख छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवा. घर रिकामं करायची तारीख पुढेमागे होते, त्यामुळे मुदत बिल्डरशी झालेल्या करारातली तारीख पाहूनच ठरवा.