हीट पंप बसवला, तरी बिल उतरेना

प्रश्न : गीझर काढून २०० लिटरचा हीट पंप बसवला. तो ड्राय बाल्कनीत आहे, बाल्कनी काचांनी बंद केलेली. बिल म्हणावं तसं कमी झालं नाही. यंत्रच सदोष आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : यंत्रापेक्षा जागेवर आमचा संशय जास्त आहे. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढी सगळी वीज खातो. हीट पंपाचा सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) ३ असेल तर २.३ युनिटांत भागतं, कारण बाकीची उष्णता तो हवेतून उचलतो. बंद जागेत मात्र त्याने सोडलेली गार हवाच तो पुन्हा ओढतो आणि सीओपी घसरतो. आधी काचा सरकवा, किंवा गार हवा डक्टने बाहेर काढा.

दुसरा चोर टाकीतला विजेचा रॉड. यंत्र चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर लावून घ्या. एवढ्या टाकीचा कॉम्प्रेसर साधारण २ ते ४ अँपिअर घेतो. आकडा १० च्या आसपास दिसला तर रॉड चालू आहे. बहुतेक वेळा तापमान ६५ वर ठेवल्याने असं होतं. ५५ पुरे, जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० च्या वर न्या. टायमर दुपारचा लावा, तेव्हा हवा सर्वांत ऊबदार असते.