जागर कुणासाठी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि भास घडवणाऱ्या द्रव्यांवरच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण, दोन्ही दोनदा वाचली. आधी प्रकरणाबद्दल लिहितो. पत्राच्या शेवटी गोव्याच्या शिबिराला जाऊ का, असं जे चार ओळींत विचारलंयस, त्याचं उत्तर मला त्यातूनच द्यायचं आहे.

तू सुरुवात बासेलपासून केलीस. सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमनने १९३८ साली एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य तयार केलं, १९ एप्रिल १९४३ रोजी ते स्वतःवर आजमावलं आणि सायकलवरून कसाबसा घरी पोहोचला. हे सगळं नीट मांडलं आहेस. पण तिथून तू एकदम जानेवारी १९६७ मध्ये गेलीस, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या मेळाव्यात, हार्वर्ड विद्यापीठात पूर्वी शिकवणाऱ्या, एलएसडीचा प्रचार करणाऱ्या टिमथी लिअरीच्या भाषणापाशी. मधला रस्ता सुटला, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या मधल्या रस्त्यावरच घडली. तो मेक्सिकोच्या डोंगरातल्या वाउत्ला नावाच्या गावातून जातो.

तिथे मारिया साबिना नावाची मासातेक जमातीची बाई राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात तिला ‘जाणती’ म्हणत. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, उपाय लागू पडेना, की घरचे तिच्याकडे यायचे. मग रात्री जागर व्हायचा. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तिकडे त्याला स्पॅनिशमध्ये ‘वेलादा’ म्हणतात आणि त्याचा अर्थ रात्र जागवणं हाच आहे. धूप, मेणबत्त्या, संतांच्या तसबिरी आणि जोडीजोडीने खायची अळंबी. अळंब्यांना ती ‘पवित्र लेकरं’ म्हणायची. मग मेणबत्त्या विझवायच्या आणि अंधारात ती तासन्‌तास गात राहायची. दुखणं कशाचं आहे ते लेकरं सांगतात आणि आपण फक्त बोलून दाखवतो, अशी तिची श्रद्धा. आपल्याकडचं जागरण-गोंधळ जसं कुणाच्या तरी घरचं असतं, कुणाच्या तरी नवसाचं असतं, तसा तिथला जागर कुणाच्या तरी दुखण्याचा असायचा. दुखणं नाही तर जागर नाही.

२९ जून १९५५ च्या रात्री गॉर्डन वॉसन तिथे बसला. न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष, अळंब्यांचा हौशी पण कसून अभ्यास करणारा माणूस. गावातल्या एका अधिकाऱ्याने शब्द टाकला म्हणून मारिया साबिनाने त्याला बसू दिलं. मे १९५७ मध्ये ‘लाइफ’ या खपाच्या साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. त्यात त्याने बाईचं नाव बदललं होतं. उपयोग झाला नाही. काही वर्षांतच केस वाढवलेली, अनवाणी पोरं-पोरी वाउत्लाची चढण चढू लागली. गाव बिथरलं, पोलीस आले, मारिया साबिनाचं घर जाळलं गेलं.

म्हातारपणी तिने आपली हकीकत आपल्याच जमातीतल्या एका तरुणाला सांगितली. त्यातलं एक वाक्य मी इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. तिच्या म्हणण्याचा आशय असा: वॉसन येण्याआधी निव्वळ देव शोधायला लेकरं कुणी खाल्ली नव्हती, ती आजाऱ्याला बरं करण्यासाठीच घेतली जात. परके आले आणि लेकरांची शक्ती गेली.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणाचा पाया हा असावा असं मला वाटतं. काउंटरकल्चरने, म्हणजे रूढ समाजाविरुद्ध उभ्या राहिलेल्या साठच्या दशकातल्या तरुण पिढीने, तिथून अळंबी उचलली. आजारी माणूस, त्याचे घरचे आणि ती गाणारी बाई तिथेच राहिली. आणखी एक गोष्ट लिहायला विसरू नकोस. वॉसनच्या १९५६ च्या सफरीला पैसा पुरवणाऱ्यांत अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए होती, एका धर्मादाय निधीच्या आडून, आणि तिचा एक रसायनशास्त्रज्ञ त्या सफरीत सामील होता. सरकारविरुद्ध बंड म्हणून ज्या पिढीने ही द्रव्यं घेतली, तिच्यापर्यंतची वाट काही अंशी सरकारी पैशानेच घातली गेली होती. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

हार्वर्डवाल्यांना मात्र तू फार सहज उडवून लावलं आहेस. लिअरीचा पुढचा तमाशा बाजूला ठेव. २० एप्रिल १९६२ चा, गुड फ्रायडेचा प्रयोग नीट वाच. बोस्टन विद्यापीठाचं मार्श चॅपल, धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी. हार्वर्डच्या वॉल्टर पॅन्के या संशोधकाने दहांना सायलोसायबिन, म्हणजे त्या अळंब्यांतलंच द्रव्य, दिलं, दहांना नुसती अंगाची लाही करणारी निकोटिनिक ॲसिडची मात्रा. वर प्रार्थना आणि प्रवचन, खाली तळघरातल्या प्रार्थनाघरात ही मुलं. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांना जे जाणवलं ते त्यांनी आयुष्यभर खरं मानलं. पाव शतकानंतर शोधून काढून विचारलं तेव्हाही त्यांची साक्ष बदलली नाही. म्हणून ‘तो सगळा भ्रम होता’ हे तुझं वाक्य काढून टाक. आपण तिथे नव्हतो. पण १९९१ साली छापलेल्या त्याच फेरतपासणीत हेही उघड झालं की त्या दिवशी एका विद्यार्थ्याला आवरण्यासाठी इंजेक्शन द्यावं लागलं होतं आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिही.

आता आपल्या नगरची गोष्ट. लहानपणी दौंड रस्त्याने अरणगावकडे जाणारे गोरे लोक आम्ही पोरं कुतूहलाने बघायचो. ते मेहेरबाबांच्या ओढीने आलेले असत. त्यांतले काही एलएसडी घेऊन, सोडून आलेले होते, हे मला फार नंतर कळलं. साठच्या दशकात हार्वर्डच्या त्या वर्तुळातल्या तरुणांनी बाबांना पत्रं लिहून विचारलं होतं की हे आम्हाला जे दिसतं ते सत्य आहे का. बाबा १९२५ पासून मौनात होते. खुणांनी सांगत, भोवतालचे लिहून घेत. उत्तर रोखठोक होतं. हे अनुभव सत्यापासून तितकेच दूर, जितकं पाण्यापासून मृगजळ. द्रव्याने देव सापडत असेल तर तो देव म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही.

एवढंच सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. बाबांनी औषध म्हणून एलएसडीला नाही म्हटलं नव्हतं. जुनाट दारूचं व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग होऊ शकतो, असं ते म्हणाले होते.

बघ, वाउत्लाची एक निरक्षर बाई आणि अरणगावचे मौनी बाबा. एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. ती अळंबीला देवाचं लेकरू मानणारी, ते द्रव्याच्या वाटेला मृगजळ म्हणणारे. तरी दोघांनी रेघ एकाच जागी ओढली: दुखण्यासाठी असेल तर ठीक, देवासाठी नको. मला हे सापडलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. तुला यावर लिहायचं असेल तर खुशाल लिही, माझा उल्लेखही नको.

आता शिबिराचं. तीन दिवस, समुद्रकिनारा, ‘पवित्र औषध’, रात्री ‘समारंभ’. एलएसडी काय किंवा सायलोसायबिन काय, १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ही बंदी असलेली द्रव्यं आहेत. एलएसडीचा दहावा हिस्सा ग्रॅम म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’, आणि त्याला किमान दहा वर्षं. आयोजक निसटतात, खोलीत झोपलेली मुलं सापडतात. पण मी तुला नको म्हणतोय ते पोलिसांच्या भीतीने नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा २००६ साली छापलेला सायलोसायबिनचा अभ्यास तू संदर्भात दिला आहेस. ३६ जण होते. पण ते कसे निवडले होते तो भाग तू वाचला नसावास. ज्यांच्या जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा किंवा बायपोलर असा गंभीर मानसिक आजार होता, त्यांना घेतलंच नव्हतं. उरले ते निरोगी. त्यांची आधी बरीच तयारी करून घेतली होती, आणि त्या दिवशी आठ तास शेजारी जाणती माणसं बसलेली होती. तरी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना जबरदस्त भीतीतून जावं लागलं.

त्या शिबिराचा फॉर्म तू मला पाठवलास. त्यात जेवणाची आवड विचारली आहे, योगासनं येतात का ते विचारलं आहे, पैसे कसे भरणार ते विचारलं आहे. घरात कुणाला काय आजार आहे, हे विचारलेलं नाही. तुझा मामा बाविसाव्या वर्षी कॉलेज सोडून घरी आला तेव्हा मी तुमच्याकडे येत-जात होतो. तुझ्या आजीने त्या रात्री कशा काढल्या ते मी पाहिलं आहे. तू आज बावीसची आहेस. मारिया साबिनाने आधी हेच विचारलं असतं, की कुणाचं दुखणं घेऊन आलीस. या लोकांनी विचारलं नाही, म्हणून जाऊ नकोस. रागव माझ्यावर, पण जाऊ नकोस.

दुसरं प्रकरण वाउत्लापासून सुरू कर आणि पुढच्या महिन्यात कच्चंच घेऊन ये. रविवारी आलीस तर आपण अरणगावला जाऊ, समाधीपाशी सकाळी फारशी गर्दी नसते. ते तरुण काय शोधत एवढ्या लांब आले असतील, ते तिथे बसून बोलू.

आणि मामा हल्ली कसा आहे, गोळ्या वेळेवर घेतो का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
सर